फुग्यावरचं नाव

माझ्या भावजयीच्या थोरल्या बहिणीचा केला तेवढा हेवा मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. बायका जावेचा हेवा करतात, शेजारणीच्या पाटल्यांचा करतात, फार तर कुणाच्या लांब केसांचा करतात. त्यात निदान काही दिसण्यासारखं असतं. या बाईकडे तसं काहीच नव्हतं. अंगाने ठेंगणी, रंगाने माझ्याहून एक पायरी सावळीच, चष्म्याची डावी दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली, आणि चालणं असं की मागे कुणी लागलंय. लकडगंजात दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत नवऱ्याचं रेडियमचं दुकान. रेडियम म्हणजे ते हो, स्कूटरच्या नंबरप्लेटीवर चिकटवतात ते रंगीत चकचकीत प्लॅस्टिक. मागचा कागद सोलायचा आणि दाबून बसवायचं. तर नंबरप्लेटी कापून जी कातरण उरायची, त्या कातरणीवर ही बाई राज्य करायची. आणि त्या राज्यात माझी किंमत काय होती, तेच आज सांगायला बसले आहे. आम्ही दोघी एकमेकींना मुलांच्या नात्याने हाक मारायचो. माझ्या भावाच्या मुलांची मी आत्या आणि ती मावशी, म्हणून मी तिला मावशीबाई म्हणे, ती मला आत्याबाई.

कोणत्याही वस्तूवर त्या वस्तूचं नाव लिहिलेलं नसलं की मावशीबाईंना चैन पडत नसे. तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर लाल रेडियमात "मीठ" लिहिलेलं, साखरेच्या डब्यावर "साखर", माठावर "पाणी", आणि फळीवरच्या एका रिकाम्या डब्यावर "रिकामा". मी एकदा न राहवून विचारलं, की मावशीबाई, माठात पाणी असते हे कोणाले माहीत नाही, ते लिहिता कशाले? तर म्हणे, "माहीत तं सगळ्यायलेच असते वो आत्याबाई. पण लिहिलेलं असलं की माठालेबी बरं वाटते." सासूबाईंच्या काठीवर तिने सासूबाईंचं नाव डकवलं होतं, चांदीच्या रंगात. म्हातारी फार खूश. देवळाच्या बाहेर दहा काठ्या असल्या तरी माझी मला लांबूनच हाक मारते, म्हणायची. एकदा त्यांच्या दारात कुणाची तरी बकरी बसायला लागली, तर चौथ्या दिवशी बकरीच्या शिंगावर "चंपा". मालक शोधत आला तेव्हा बकरी चंपा म्हटल्याशिवाय उठेना.

हातात अर्धी ब्लेड, तिच्या एका टोकाला चिंधी गुंडाळलेली, खाली जुन्या खिडकीची काच, एवढंच तिचं सामान. पेन्सिलीची रेघसुद्धा न काढता ती सरळ अक्षर कापायची. कापलेली अक्षरं वाऱ्याने उडून जाऊ नयेत म्हणून डाव्या हाताच्या कोपरापर्यंत ओळीने चिकटवून ठेवायची आणि काम झालं की तिथून उचलून जागी बसवायची. सगळीच उचलायची असं नाही. त्यामुळे कुठे लग्नाला आली की तिच्या मनगटावर एखादा "ळ" दिसे, कानामागे एखादी वेलांटी. एकदा आमच्या ओळखीतल्या एका घरी माणूस गेलं म्हणून आम्ही दोघी भेटायला गेलो. मावशीबाईने घरच्या लेकीचा हात हातात घेतला, डोळ्यांना पदर लावला, आणि तिच्या कोपरावर हिरव्यागार अक्षरांत "शुभ" लिहिलेलं मला दिसलं. "लाभ" बहुधा दुसऱ्या कोपरावर असावं. मी तिचा पदर ओढून ओढून तो कोपर झाकत होते, आणि बाहेर आल्यावर मलाच ऐकावं लागलं, "आत्याबाई, तुम्ही लय हळव्या हो. पूरा वेळ मले धरूनच बसल्या."

इथपर्यंत मला तिची मजा वाटे. हेवा सुरू झाला तो फुग्यांपासून.

साध्या फुग्यावर नाव चिकटवून तो वाढदिवसाला द्यायचा, हे तिला कसं सुचलं कोण जाणे. मी तरी नागपुरात त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. सोपं काम नाही ते. मोठा, जाड रबराचा फुगा आणायचा. आधी नरसाळ्याने त्यात एखादं घुंगरू सोडायचं. मग सायकलच्या पंपाने तो पुरता फुगवायचा आणि पुन्हा दोन बोटं हवा सोडायची, म्हणजे रबर दमून शांत होतं, असं तिचं म्हणणं. मग ओल्या फडक्याने पुसून, साबणाचं पाणी शिंपडून, त्यावर अक्षर ठेवायचं. साबणाच्या पाण्यावर अक्षर सरकतं, हवं तिथे नेता येतं. जागेवर आलं की अंगठ्याने मधलं पाणी बाहेर काढायचं. हे सगळं श्वास रोखून. मी तिला हे करताना एकदा पाहिलं. तेव्हा तिच्या तोंडावर असं काही होतं की तिच्या जागी आपण असावं असं मला वाटलं. फुग्यासाठी नाही हो. तसं तोंड व्हावं म्हणून.

माझी भाची मंजिरी एक वर्षाची झाली तेव्हाची गोष्ट. तिच्यासाठी मी फ्रॉक शिवला होता. पांढऱ्या मलमलीवर जांभळी फुलं, सगळी हाताने भरलेली, उन्हाळाभर. सक्करदऱ्याला भावाच्या घरी मी तो फ्रॉक मंजिरीला घातला, बायकांनी हात लावून पाहिला, एकीने टाक्याचं नावही विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीबाई सायकलरिक्षातून उतरली. हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेला हंड्याएवढा फुगा, कारण आमच्या नागपूरच्या उन्हात उघडा फुगा चौकही ओलांडत नाही. पंचा काढला. गुलाबी फुग्यावर सोनेरी "मंजिरी", आणि अक्षरांच्या भोवती चिमणीच्या पावलांएवढी पानं. हलवला तर आत घुंगरू. पोरीने जी त्याला मिठी मारली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. त्या दिवसाचा फोटो अजून भावाच्या घरी भिंतीवर आहे. त्यात मंजिरीचे दोन डोळे आहेत, चार बोटं आहेत, बाकी सगळा फुगा. फ्रॉकची एक शिवणही दिसत नाही. त्या फोटोत मीही आहे म्हणतात. फुग्याच्या उजव्या अंगाला एक कान दिसतो, तो माझा.

मग मीही ठरवलं, त्यात काय एवढं. रामदासपेठेत आमच्या घराजवळ एक रेडियमवाला बसे, त्याच्याकडून तुकडा आणला, फुगा आणला, दार लावून घेतलं. माझ्या धाकट्या लेकीचं नाव कापलं, कात्रीने, बऱ्यापैकी आलं. आता फुगलेल्या फुग्यावर चिकटवताना तो फुटेल की काय ही मला भीती, म्हणून मी शहाणपणा केला. न फुगवलेल्या फुग्यावरच अक्षरं चिकटवली आणि मग फुगवायला घेतलं. फुगा वाढत गेला, अक्षरं काही वाढेनात. आधी त्यांच्या कडा उठल्या, मग एकेक करून ती उडायला लागली, जसा गरम तव्यावरून पापुद्रा उडावा. आमचे हे दाराबाहेरून म्हणाले, "काय करून राहिली गं, एवढी धापा काहून टाकून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही, प्राणायाम." दार उघडलं तेव्हा माझ्या हनुवटीला एक काना लटकत होता. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला आणि बिचारे पेपर वाचायला गेले. ते हसले असते तर बरं झालं असतं.

पण एका गोष्टीत मावशीबाई माझ्यापुढे कधीच जाऊ शकणार नव्हती, आणि ती म्हणजे नाव ठेवणं. बारशाला पाळण्याजवळ मान आत्याचा. बाळाच्या कानात "कुर्र" करून नाव सांगायचं ते आत्यानेच, आणि तोवर ते कुणाला कळू द्यायचं नाही. भावाला नाही, भावजयीलाही नाही. आमच्यात ही रीत कडक पाळतात. भावाला दुसरं मूल झालं, मुलगा, तेव्हा त्याचं नाव माझ्याजवळ तयार होतं. तयार काय, कैक वर्षांपासून ठेवलेलं होतं. अनिरुद्ध. मला दोन्ही मुलीच. मुलगा झाला असता तर हे नाव ठेवलं असतं, असं मनात धरून मी ते कुणालाही दिलं नव्हतं. शेजारी मागायला आले तरी दुसरं सुचवलं. लुगड्याच्या घडीत जपून ठेवावं तसं ते नाव मी ठेवलं होतं. आता ते कामी येणार होतं.

बारशाला आठ दिवस होते. मे महिना. दुपारी दाराची कडी वाजली आणि उघडते तो मावशीबाई, डोक्यावर ओला टॉवेल. पाणी प्यायली, कूलरसमोर बसली, आणि सरळ म्हणाली, "नाव सांगा."

मी म्हटलं, "नाव आत्या सांगते, पाळण्याजवळ, कानात."

"कानात सांगाल तं सांगा ना, मी कुठं नाही म्हणून राहिली. पण फुग्यावर लिहाचं म्हणजे मले आधी कापा लागन का नाही? पोरगं झालं, पह्यला मान आत्याचा, मंजूर. पण मावशीनं काय रिकाम्या हातानं यावं?"

"फुगा तसाच आणा. बिननावाचा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. कुणीतरी भात बिनमिठाचा खा म्हटल्यावर पाहावं तसं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मी कोणाले सांगणार नाही. माझ्या बहिणीलेबी नाही. गळ्याची आण. तुम्हाले अन् मलेच माहीत राहीन."

आता काय सांगू तुम्हाला. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की माझं अनिरुद्ध तिच्या काचेवर पडलंय, तिच्या ब्लेडखाली, तिच्या कोपरावर चिकटलंय. आणि बारशाच्या दिवशी मी कानात काय बोलले ते कुणाच्या लक्षात राहणार नाही, सगळे फुग्याकडे पाहून म्हणतील, वा, काय नाव आहे. नाव माझं आणि वाहवा तिची. तेवढ्यात खाली रस्त्यावर रॉकेलची हातगाडी आली, आणि समोरच्या बाईंनी वरून हाक मारली, "ओ सुदामभाऊ, थांबजा, डबा आणते."

मी म्हटलं, "सुदाम."

मावशीबाईंनी डोळे मिटले. बोटांवर मोजलं, सु, दा, म. मग डोळे उघडून इतक्या प्रेमाने म्हणाली, "लय गोड नाव काढलं हो आत्याबाई. आजकाल कोनी ठेवत नाही." आणि ओला टॉवेल डोक्यावर टाकून तशीच उन्हात निघून गेली, चहालाही थांबली नाही.

पहिले दोन दिवस मी फार मजेत होते, खोटं कशाला बोलू. मी अनिरुद्ध म्हणणार, तिकडे ती पंचा ओढणार, आणि फुग्यावर सुदाम. बायका आधी बघत राहतील, मग हसतील. कुणी विचारलंच तर मी म्हणणार, अगं बाई, मी कुठं असं सांगितलं, तुमच्या ऐकण्यात चूक झाली. मी आरशासमोर तो चेहराही करून पाहिला. तिसऱ्या दिवसापासून मात्र आरशासमोर तो चेहरा जमेना. भावजयीने निरोप पाठवला, की आमची ताई नाव काही सांगत नाही, तिला माहीत आहे असं दिसतं पण तोंडच उघडत नाही, तुम्हीच काही सांगा ना. म्हणजे सख्ख्या बहिणीलाही तिने सांगितलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी भावाच्या घरी बायकांची ही गर्दी, घुगऱ्यांचं पातेलं उतरलेलं, पाळण्याला झेंडू बांधलेले. मावशीबाई आली, फुगा पंच्यात, आणि मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. "तुम्हाले नाव माहीत आहे म्हणून तुम्हाले पह्यले दाखवते," म्हणाली आणि पंच्याचा कोपरा उचलला.

पिवळा फुगा. मध्ये लाल अक्षरांत सुदाम. त्याखाली चांदीच्या रंगाची एक पुरचुंडी, गाठ सुटलेली, आणि तिच्यातून सांडलेले पोहे. एकेक पोहा वेगळा कापलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, फुग्याच्या गोल अंगावरून पार मागपर्यंत पसरलेला. शंभर तरी असतील. तिने फुगा माझ्या कानाशी हलवला. आत घुंगरू नव्हतं. खरे पोहे होते, सळसळ वाजले.

"चार दिवस कापून राहिली मी," ती म्हणाली. "देवाच्या घरी नेले होते ना त्यानं पोहे. मनलं, आपल्या सुदामजवळबी असू दे." तिच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. हा विषय मी काढू नये म्हणून की काय, तिने हात पदराखाली घेतला.

बाहेरून हाका आल्या. बाळाला पाळण्याच्या खालून वरून दिलं-घेतलं, पाळण्यात ठेवलं. मी वाकले. आमच्याकडे आत्या कानाशी वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तशा घालायला लागल्या. मी मान थोडी वळवून पाहिलं. मावशीबाई पाळण्याच्या दांडीला टेकून उभी, पंच्याचं टोक चिमटीत, मी नाव उच्चारायची वाट पाहत. चाळीस बायकांत फक्त तिला आणि मला ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं. तिच्या तोंडावर तेच भाव होते, अक्षर जागेवर सरकवतानाचे.

अनिरुद्ध जिभेवर आलं होतं. बाळाच्या कानाला माझे ओठ लागले होते. पाठीत धपाटे बसत होते आणि मी काही बोलत नव्हते, म्हणून बायका आणखी जोरात घालायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "काहून वं, विसरली का काय नाव?"

मी "कुर्र" केलं आणि म्हटलं, "सुदाम."

पंचा निघाला. फुग्याकडे पाहून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी सरळ उभी राहिले, तर माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. त्या दिवशी ते बरंच झालं.

भावजयीचा चेहरा मात्र उतरला होता. घुगऱ्या वाटताना ती बहिणीला कुजबुजली, "हे कसं जुनाट नाव गं ताई, शाळेत पोरं चिडवतील त्याले. आपण दुसरं ठेवू." मी दाराशी ऐकत होते. माझ्या जिवात जीव आला; ही नाव बदला म्हणाली की मी अनिरुद्ध पुढे करणार होते. पण मावशीबाई बहिणीवर उखडलीच. "खबरदार. आत्यानं ठेवलेलं नाव हाय ते. किती दिवस मनात ठेवून असन ती बाई, तुले काय माहीत? तिचा मान ठेव." मी तिथून मोरीत गेले आणि उगाच बराच वेळ तोंड धुतलं.

नाव राहिलं. सुदाम शाळेत गेला, पोरांनी थोडं चिडवलंही, मग सवय झाली. अनिरुद्ध तसंच राहून गेलं. माझ्या मुलींना मुलं झाली, पण त्यांची नावं त्यांच्या आत्यांनी ठेवली. तिथे माझं काय चालणार. हेवा गेला का म्हणाल, तर नाही गेला. पुढची किती वर्षं कुणाच्याही वाढदिवसाला पंचा निघाला की मी माझा आहेर हळूच मागे सरकवायचीच. फक्त आता मी तिच्या रिक्षाची वाटही पाहायला लागले होते, आणि ती उशिरा आली की भावाला म्हणायची, अरे पाहा ना बाहेर जाऊन, काहून नाही आली अजून.

म्हातारपणी तिचा हात स्थिर राहीना. ब्लेड सुटली. मी लकडगंजात तिला भेटायला गेले, तर खाटेवर बसून मटार सोलत होती. इकडचं तिकडचं झालं. मग ती मान खाली घालूनच म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू? मले तुमचा लय हेवा वाटे हो."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "माझा?"

"तुम्हाले भाऊ हाय ना. आम्ही दोघी बहिणीच. मी कोणाची आत्या झालीच नाही. हजारो नावं कापली असतील मी, पण सगळी दुसऱ्यायनं ठेवलेली. मले कोणी इचारलं नाही, का वं बाई, तुले काय वाटते, काय नाव ठेवावं." मटाराची शेंग तिच्या हातात तशीच राहिली होती. "सुदामच्या येळी तुम्ही मले आधी सांगितलं, ते आठ दिवस मले असं वाटे, का मीच ठेवलं."

मी म्हटलं, "तुम्हीच ठेवलं मावशीबाई. तुमच्या फुग्यासाठीच राहिलं ते नाव."

"जा हो," ती म्हणाली, "काहीही मन राखाले बोलून राहिल्या." तिला ते माझं चांगुलपण वाटलं. खरं पटवायचं तर रॉकेलच्या गाडीपासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिच्यासमोर बसून ते सांगण्याइतकी छाती माझ्यात नव्हती. मी तिच्या परातीतल्या मूठभर शेंगा माझ्याकडे घेतल्या आणि सोलायला लागले. त्या हिवाळ्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

सुदाम आता पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो. "आत्या, मी सुदाम बोलून राहिलो," म्हणतो, आणि मी क्षणभर काही बोलत नाही. त्याला वाटतं लाइन गेली. तो हॅलो हॅलो करत राहतो, आणि मग मी म्हणते, "हो रे बाबा, ऐकू येते. बोल."